टर्की रनच्या चौकातला सूर

जुलैचा दुसरा रविवार उजाडला तोच तापत. ऑर्फा लेडबेटरनं ओव्हनमधून मक्याचा पाव काढला, तळलेल्या कोंबडीचे तुकडे फडक्यात गुंडाळले, पीचच्या लोणच्याची बरणी कुशीत घेतली आणि सवयीनं हाक मारली, "हर्शेल, टोपी घे." हाक स्वयंपाकघरात एक फेरी मारून तिच्याजवळच परत आली. हर्शेलला फेब्रुवारीत पुरलं होतं. टोपी दारामागच्या खुंटीला अजून तशीच होती, घामाच्या रेषेसकट.

बाहेर मिटीनं पिकअपचा भोंगा वाजवला. मिटी तिची लहानपणची मैत्रीण. चर्चच्या गाण्यात आल्टोच्या, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या, बाकावर दोघी गेली चाळीसेक वर्षं खांद्याला खांदा लावून बसत आलेल्या.

"चल गं, बर्फ वितळतोय माझा," मिटी म्हणाली. "नाहीतर थंड चहाच्या जागी कोमट गोड पाणी प्यावं लागेल सगळ्यांना."

गाडी लाल मातीच्या रस्त्याला लागली. दोन्ही अंगांना कपाशी गुडघ्याएवढी, मध्ये पाइनच्या राया. मिटी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होती, आणि मिटीची बोटं अशी चालली की समजावं, काहीतरी अडलंय.

"सूर आज डेल्मस देणार म्हणे," शेवटी ती म्हणाली.

"कळलं मला."

"डेल्मस माणूस चांगला आहे. चर्चचं छप्पर त्यानंच नीट केलं. पण सूर देतो तो शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखा."

ऑर्फा हसली नाही. तिनं बरणीचं झाकण पुन्हा एकदा आवळलं.

टर्की रन गावच्या त्या लाकडी चर्चात पियानो नाही, पेटी नाही, काही नाही. मध्ये रिकामा चौक, त्याच्या चार बाजूंना गळ्याच्या पट्टीप्रमाणे चार बाक-रांगा: टेनर, ट्रेबल, बास, आल्टो. सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतात. ऐकणारा कुणी नसतोच. आला तो गाणारा. एकेकाचं नाव पुकारतात, तो गाण्याचं आडवं पुस्तक घेऊन चौकात उभा राहतो, पान सांगतो, हात खालीवर हलवून ताल धरतो. आधी नुसते सूर गायचे, फा सो ला मी, आणि मग शब्द. गाणं संपलं की टाळी नाही, वाहवा नाही. पुढचं पान. असं पणज्यांच्या काळापासून चाललेलं. शेतं गेली, गिरणी बंद पडली, पोरं बर्मिंगहॅमला कामाला गेली, तरी जुलैच्या दुसऱ्या रविवारी टर्की रनचा चौक भरला नाही असं एक वर्ष नव्हतं.

पण या सगळ्याच्या आधी कुणीतरी सूर द्यावा लागतो. पुस्तकात लिहिलेला सूर तिथं कामाचा नाही. हवा किती जड, माणसं किती, गळे सकाळचे की दुपारचे, हे बघून टेनरच्या पहिल्या बाकावरचा माणूस हवेतून एक स्वर उचलतो आणि चारी बाकांना वाटून देतो. हर्शेल लेडबेटर तरुणपणापासून तेच करत आला होता. त्याच्या दगडावर नावाखाली एवढंच कोरलंय: यानं आम्हाला सूर दिला.

एप्रिलमध्ये डेल्मसनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. तो गाण्याच्या सभेचा अध्यक्ष, त्याला सांगणं भागच होतं. "हर्शेल काका गेले. सूर धरणारं दुसरं कुणी नाही. यंदा गाणं उभं राहिलं तर राहिलं. नाहीतर पुढल्या वर्षी शहरातल्या विटांच्या चर्चात त्यांच्या गाण्यात आपलं मिसळून टाकू आणि इथं कुलूप लावू." लोक टोप्या घालून घरी गेले होते.

एक माणूस बोलू शकला असता. ती ऑर्फा.

अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात हर्शेलला मोठा ताप आला होता. त्यातून तो उठला, नांगरही धरू लागला, पण एका संध्याकाळी ओसरीवर बसून त्यानं एका गाण्यासाठी सूर शोधला आणि त्याला तो मिळाला नाही. विहिरीत बादली सोडावी आणि दोर हलकाच वर यावा, तसं झालं. पुन्हा सोडली, पुन्हा रिकामी. ऑर्फा आत भांडी विसळत होती. तिला काही कळायच्या आत तिच्या ओठांतून तो सूर गुणगुणत बाहेर पडला, अगदी हळू. हर्शेलनं तो तिथल्या तिथं झेलला आणि मोठ्यानं, भरून लावला. मग तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला.

"ऑर्फा," तो म्हणाला होता, "हे कुणाला कळू द्यायचं नाही."

"नाही कळू देत."

"वचन दे."

तिनं दिलं. त्या जुलैपासून ती आल्टोच्या पहिल्या बाकावर, बरोबर त्याच्या समोर बसू लागली. पान पुकारलं की पुस्तकं फडफडायची, बाक करकरायचे, कुणी खाकरायचं. तेवढ्यात ती तोंडापुढे कागदी पंखा धरायची आणि त्याच्याआडून एक स्वर चौकापलीकडे सोडायची. हर्शेल तो उचलायचा. बाईनं सूर दिल्याचं टर्की रनला कुणी ऐकलं नव्हतं. मनाई अशी नव्हती. झालंच नव्हतं कधी.

आता ती सूर द्यायला उभी राहिली, तर लोक विचारणार, तुला कसं गं येतं? आणि मग त्या दगडावरच्या अक्षरांचं काय?

चर्चात शिरताच गरम पाइनच्या लाकडाचा वास आला. दफनविधी करणाऱ्या दुकानानं जाहिरातीसाठी वाटलेले कागदी पंखे बाकांवर ठेवलेले होते. ऑर्फा तिच्या जागी बसली. समोर, हर्शेलच्या जागी, डेल्मस बसला होता, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावून.

बासच्या बाकावर थर्मन म्हातारा काठी गुडघ्यांत धरून बसला होता. हर्शेलशी त्याचं आयुष्यभराचं भांडण. जमिनीवरून नाही, बाईवरून नाही, सुरावरून. हर्शेलचा सूर चढा, असं त्याचं म्हणणं. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत दोघं झाडाखाली बोटं नाचवत उभे असायचे.

"डेल्मस भाऊ," थर्मननं हाक दिली, "माझा गळा म्हातारा आहे. जपून रे."

"जपतो, काका."

डेल्मसनं पान सांगितलं, छाती भरली आणि सूर लावला.

तो चढा होता. थोडा नाही, चांगलाच. घाबरलेला माणूस वर वर चढतो, तसा. सूर गाताना कसंबसं जमलं, पण शब्दांवर आल्यावर ट्रेबलच्या बायकांचे आवाज चिरकले, टेनर अर्ध्यावर गळाले, आणि गाणं शेवटच्या ओळीला लंगडत पोचलं. दुसऱ्या गाण्याला डेल्मसनं घाबरून इतकं खाली धरलं की थर्मनचा बास जमिनीत पुरला गेला. तिसरं पुन्हा वर. चौथं तर मध्येच बसलं. टर्की रनच्या चौकात गाणं मध्येच थांबलेलं ऑर्फानं जन्मात पाहिलं नव्हतं. सगळे पुस्तकात बघत राहिले, जणू दोष छपाईचा होता.

डेल्मसच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्या बिचाऱ्याचा काही गुन्हा नव्हता. ऑर्फाच्या घशात मात्र प्रत्येक पानाला खरा सूर आपोआप येऊन उभा राहत होता, दार उघडायची वाट बघणाऱ्या वासरासारखा. तिनं पंखा तोंडापुढे धरला, आणि ओठ मिटूनच ठेवले. समोर झेलणारं कुणी नव्हतं.

दुपारपर्यंत निम्म्या लोकांचे गळे बसले. तसेच ते जेवणाला बाहेर पडले.

ओकच्या सावलीत खांबांना ताणलेल्या तारेच्या जाळीवर चादरी पसरून जेवण मांडलं होतं. तळलेली कोंबडी, वाल, भेंडी, मसाला भरलेली अंडी, नारळाचा केक, केळ्यांचं पुडिंग. ताटं भरली, पण हात जडच चालत होते.

"शहरातल्या चर्चला पंखे आहेत म्हणे, विजेचे," कुणीतरी म्हणालं.

"गादीचे बाकही आहेत," दुसरं कुणी म्हणालं.

"तिथं पियानोही आहे," मिटी म्हणाली. "म्हणजे आपल्याला कष्टच नकोत. आपण बसून ऐकू, आणि मरू."

थर्मन काठी टेकत ऑर्फाजवळ आला. तिच्या पुढ्यातल्या बरणीतून त्यानं न विचारता एक पीच उचलला.

"तुझा नवरा," तो चावत म्हणाला, "तरुणपणापासून याच डेल्मससारखा चढा धरायचा. अगदी डोक्यावर. जेवणापर्यंत माझा गळा पार सोलून निघायचा."

"तू सांगायचास की त्याला, दर वर्षी."

"सांगायचो. ऐकत नव्हता. मग एका वर्षी अचानक शहाणा झाला. ताप येऊन गेला त्याच्या पुढल्याच जुलैला. सूर असा धरला त्यानं, की जणू कुणी खोलीचं माप घेऊन शिवलाय. मला वाटलं, तापानं डोकं ताळ्यावर आलं." त्यानं बी थुंकली. "त्या वर्षापासून मी भांडायचं सोडलं. भांडायला जागाच ठेवली नाही कुणी."

ऑर्फाचा हात चमच्यावर थांबला. थर्मन तिच्याकडे बघतच नव्हता. तो आणखी एक पीच निवडण्यात गुंतला होता.

"लोणचं झकास झालंय," तो म्हणाला, आणि निघून गेला.

ऑर्फा उठली. जेवणाच्या जाळीपासून दफनभूमी हाकेच्या अंतरावर. हर्शेलची माती अजून बसली नव्हती, वर गवत धरलं नव्हतं. कोपऱ्यात कुणीतरी इकडच्या रीतीप्रमाणे शिंपले मांडले होते. ती दगडापाशी उभी राहिली.

"ऐकलंस सकाळचं?" ती म्हणाली. "ऐकलंच असशील. इतक्या वर गेलेलं कुणाला ऐकू येणार नाही?"

ओकवर किडे किरकिरत होते. पलीकडे कुणीतरी चहाच्या ग्लासात बर्फ हलवत होतं.

तिनं मनात दोन गोष्टी दोन तळव्यांवर घेतल्या. एका हातावर दगडावरची अक्षरं. हर्शेलला नाव प्रिय होतं, त्यात वावगं काय? दुसऱ्या हातावर तो चौक. शेवटच्या आठवड्यात, बोलता येत होतं तोवर, हर्शेल एकच विचारत होता: जुलैत सगळे येणार ना? आपली कबर कुठं, दगडावर काय कोरायचं, हे त्यानं विचारलंच नाही. दगड तर लोकांनी नंतर बसवला.

आणि मग तिला आणखी एक आठवलं. तिनं सोडलेला स्वर पंख्याआडचा, एवढासा, उंबरा ओलांडेल न ओलांडेल असा. तो घेऊन भरल्या घराला पुरेल एवढा करायचा हर्शेल. चारी बाकांना, शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजीलाही. तिचा होता कण, त्याची होती भाकरी. मग दगडावर खोटं काय होतं? त्यानं सूर दिलाच होता. फक्त एकट्यानं दिला नव्हता.

"वचन मोडते रे मी," ती म्हणाली. "रागवायचं तर रागव. पण चर्चचं दार उघडं असू दे आपलं."

तिनं मातीवरचं एक वाळकं पान उचललं, पदरी बांधावं तसं रुमालात ठेवलं आणि चर्चकडे चालू लागली.

जेवणानंतरचं पहिलं गाणं वर्षभरात गेलेल्यांसाठी असतं. ते जवळच्या माणसानं चौकात उभं राहून घ्यायचं. डेल्मसनं नाव पुकारलं, "हर्शेल काकांसाठी, ऑर्फा काकू." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "काकू, मी जमेल तसं धरतो. सांभाळून घ्या."

ऑर्फा चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. चारी बाजूंनी चेहरे; उन्हानं रापलेले, घामेजलेले, सकाळच्या फजितीनं उतरलेले. हर्शेलच्या जागेकडे तिनं एकदा बघितलं.

"डेल्मस भाऊ," ती म्हणाली, "तू बस. पाणी पी थोडं. या गाण्याचा सूर मी देते."

बाक करकरले. पुस्तकं फडफडायची थांबली. डेल्मसच्या खांद्यांवरून पोतं उतरावं तसे ते खांदे खाली आले. "द्या, काकू," तो म्हणाला.

आज हातात पंखा नव्हता. ऑर्फानं खोली अंगावर घेतली: उष्मा, पोटं भरलेली, गळे सोललेले, छपरावर ऊन. सूर कुठं ठेवावा ते तिला दिसलं, शेल्फवर कप कुठं आहे ते अंधारातही हाताला कळतं तसं. तिनं तोंड उघडलं आणि तो स्वर पहिल्यांदाच मोठ्यानं सोडला.

"ला..."

खोलीतल्या सगळ्यांनी तो ओळखला. नाव न सांगता ओळखला. गेली अकरा वर्षं याच उंचीवर, याच ऊबेत त्यांनी दुसऱ्या आवाजातून तो ऐकला होता. शेवटच्या रांगेतल्या एका म्हातारीनं हळूच मान वर केली. टेनरच्या बाकावरून दोघातिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मिटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते रागारागानं पुसलं. पण विचारायला सवड नव्हती; ऑर्फाचा हात वर गेला होता, आणि हात वर गेला की गायचं असतं.

हात खाली आला, आणि चारी बाक एकदम उघडले.

फा, सो, ला. सुरांची फेरी भिंतींना जाऊन धडकली आणि दुप्पट होऊन आली. सकाळी चिरकलेले ट्रेबल आता घारीसारखे वर जाऊन तरंगू लागले. टेनर उभ्या पिकात वारा शिरावा तसे हलले. खालून थर्मनचा बास आला, आणि जमिनीच्या फळ्या तळव्यांना थरथरू लागल्या. चौकाच्या मधोमध ते चारी प्रवाह ऑर्फाच्या अंगावर येऊन मिळत होते. तिथं उभं राहिल्याशिवाय ते कुणाला कळत नाही. मग शब्द आले.

दिस कलला, पाय थकले, घर ते दिसू लागे,
पुढे गेले जे सोबती, उभे दाराशी जागे.

दुसरं कडवं तिनं थांबूच दिलं नाही. तिसऱ्याला तिचा हात आपोआप रुंद झाला आणि सगळ्यांनी आवाज रुंद केला. खिडक्या उघड्या होत्या. ओकवरचे किडे थांबले असतील, किंवा त्यांचं कुणाला ऐकूच आलं नसेल. रस्त्यानं चाललेला एक लाकडं भरलेला ट्रक थांबला, आणि हाकणाऱ्यानं इंजिन बंद करून टाकलं. आवाज दफनभूमीवरून पलीकडे, कपाशीवरून, ओढ्यापर्यंत गेला. शेवटचा स्वर त्यांनी इतका वेळ धरला की तो संपल्यावरही खोली गातच राहिली.

टाळी झाली नाही. टर्की रनला टाळी नसते.

ऑर्फा जागेवर जाऊन बसली. डेल्मसनं घसा साफ केला आणि पुढचं नाव पुकारलं. नाव पुकारलेला माणूस चौकात आला, पान सांगितलं, आणि मग नेहमीसारखं टेनरच्या पहिल्या बाकाकडे न बघता तो सरळ आल्टोकडे वळला आणि वाट बघत राहिला. सगळीच खोली वाट बघत होती. ऑर्फानं सूर दिला.

मग थांबलंच नाही. एकामागून एक नावं, एकामागून एक पानं. सकाळी बसलेले गळे कुठून उठले कुणास ठाऊक. सकाळी निघून गेलेलं एक कुटुंब रस्त्यातून परतलं आणि मागं उभं राहून गायलं. डेल्मसनं कॉलरचं बटण काढलं, अस्तन्या दुमडल्या आणि असा टेनर ओतला की मिटी वाकून ऑर्फाच्या कानात म्हणाली, "मांजराची शेपटी सोडवली वाटतं कुणी." ऑर्फाला हसू आवरेना, त्या हसण्यातच तिनं पुढचा सूर दिला आणि तो जरा हसराच लागला. संध्याकाळी निरोपाचं गाणं झालं तेव्हा सूर्य खिडकीच्या खालच्या तावदानात आला होता, आणि तरीही लोक हात हातात घेऊन, एकेकापाशी थांबून, गातच चौकातून फिरत होते.

शेवटी डेल्मस चौकात उभा राहिला. त्यानं दुमडलेल्या अस्तन्या खाली सोडल्या.

"पुढल्या वर्षी," तो म्हणाला, "जुलैचा दुसरा रविवार. टर्की रन चर्च. सकाळी वेळेवर या."

"आणि सूर?" मागून कुणीतरी विचारलं.

"सूर कोण देणार ते काय विचारायचं आहे?" मिटी म्हणाली. "समोर बसलीये की."

लोक हसत बाहेर पडले. दारात थर्मन काठीवर भार देऊन उभा होता. ऑर्फाचं पाऊल थबकलं. आयुष्यभर सुरावरून भांडलेला माणूस. आज त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे, असं तिनं मनाशी ठरवलं.

थर्मननं टोपी काढली. हर्शेलसमोरही कधी काढली नव्हती.

"सूर बरा होता आज," तो म्हणाला.

"बरा ना?"

"हो." त्यानं बाहेर, हर्शेलच्या मातीच्या ढिगाकडे एकदा बघितलं आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "नेहमीसारखा."